विश्लेषण : टेलिफोन कंपनीतल्या वीजतज्ज्ञाने सिनेमागृहांना ‘वाद्यवृंद’ कसा मिळवून दिला? कोण होते रॉबर्ट होप-जोन्स?

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, नायगारा धबधब्यापासून थोड्याच अंतरावर नॉर्थ टोनावांडा हे छोटे शहर आहे. तिथले रिव्हिएरा थिएटर ३० डिसेंबर १९२६ रोजी सुरू झाले. तेव्हा चित्रपट मुके होते. पडद्यावरच्या पाठलागाला, पावसाला, प्रेमाला आणि रेल्वेच्या शिट्टीला आवाज देण्याचे काम तिथे एकाच वाद्यावर सोपवलेले होते. ते वाद्य म्हणजे थिएटर पाइप ऑर्गन. स्वयंसेवकांनी दुरुस्त करून जपलेला हा ऑर्गन आजही तिथे वाजतो.

पाहायला येणाऱ्याला आधी दिसतो तो फक्त कन्सोल, म्हणजे वादक बसतो ती जागा. त्यात एकावर एक तीन कीबोर्ड, पायाने वाजवायच्या लाकडी पट्ट्या आणि घोड्याच्या नालेसारख्या कमानीत बसवलेल्या रंगीत कळा असतात. खरे वाद्य मात्र नजरेला पडत नाही. ते रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना, नक्षीदार जाळ्यांमागच्या बंद खोल्यांत असते. कन्सोल आणि त्या खोल्या यांना जोडते ती फक्त वीज.

ही जोडणी रोजच्या वापरात आणण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, ते रॉबर्ट होप-जोन्स मूळचे टेलिफोन कंपनीतले वीजतज्ज्ञ. त्यांच्या कल्पनांवर पुढे दोन हजारांहून अधिक ऑर्गन बांधले गेले. पण त्या यशाच्या आधीच, ज्या कारखान्यात हे ऑर्गन तयार होत होते त्याचे दार त्यांना बंद झाले होते. हे नेमके कसे घडले आणि हे वाद्य चालते तरी कसे?

हा ‘ऑर्गन’ नेमका कोणता?

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटले की संगीत नाटक आठवते. रंगमंचासमोर पायाने भाता हलवत वाजवला जाणारा तो ऑर्गन म्हणजे पेटीचाच नातेवाईक. त्यात हवेच्या झोताने रीड, म्हणजे पितळेच्या पातळ पट्ट्या थरथरतात आणि सूर निघतो. सगळे वाद्य एका लाकडी कपाटात मावते.

पाइप ऑर्गन वेगळा. त्यात प्रत्येक सुरासाठी स्वतंत्र नळी असते. काही नळ्या शिट्टीच्या तत्त्वावर वाजतात. हवा एका फटीतून येऊन धारेवर आपटते आणि नळीतला हवेचा स्तंभ कंप पावतो. काही नळ्यांच्या बुडाशी पितळी जीभ असते. तिच्या थरथरण्याला वरची नळी वजन आणि रंग देते.

सुराची उंची नळीच्या लांबीवर ठरते. सुमारे आठ फूट लांबीची, वरून उघडी नळी सेकंदाला साधारण ६५ कंपनांचा खर्जाचा सूर देते. लांबी दुप्पट केली की सूर एक सप्तक खाली जातो, निम्मी केली की एक सप्तक वर. नळीचे वरचे तोंड बंद केले, तर निम्म्या लांबीतच तो खालचा सूर मिळतो. म्हणून मोठ्या ऑर्गनमध्ये पेन्सिलीएवढ्या नळीपासून दुमजली घराच्या उंचीच्या नळीपर्यंत सगळे प्रकार असतात.

या नळ्यांना हवा पुरवायची आणि योग्य क्षणी योग्य नळीचे झाकण उघडायचे, एवढेच मूळ काम. ते झाकण उघडण्याच्या प्रश्नानेच होप-जोन्स या क्षेत्रात ओढले गेले.

होप-जोन्स ऑर्गनकडे कसे वळले?

रॉबर्ट होप-जोन्स यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८५९ रोजी इंग्लंडमधील चेशायर परगण्यात, हूटन ग्रेंज येथे झाला. घर नऊ भावंडांचे. लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. संगीताची ओढ मात्र लवकर लागली. वयाच्या नवव्या वर्षी ते चर्चमधील प्रार्थनेला अधूनमधून ऑर्गन वाजवत. साधारण १४ वर्षांचे असताना वडील गेले. पुढच्याच काळात ते शाळेच्या प्रार्थनागृहात विनामोबदला ऑर्गनवादन आणि गायकवृंदाची जबाबदारी सांभाळू लागले.

पोटापाण्यासाठी त्यांनी अभियांत्रिकी निवडली. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीच्या पलीकडे असलेल्या बर्कनहेड येथील लेअर्ड्स या जहाजबांधणी कारखान्यात त्यांनी उमेदवारी केली. कामगाराचे कपडे घालून हातात हत्यारे घेऊन ते शिकले. त्यानंतर लँकेशायर आणि चेशायर भागातील टेलिफोन कंपनीत ते मुख्य वीजतज्ज्ञ झाले.

हा काळ महत्त्वाचा आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले ते १८७६ मध्ये. म्हणजे होप-जोन्स ज्या क्षेत्रात काम करत होते ते त्या वेळचे सर्वांत नवे तंत्रज्ञान होते. अगदी कमी वीज वापरून दूरवर संदेश कसा पोहोचवायचा, हजारो वेळा दाबूनही खराब न होणारा संपर्क कसा बनवायचा, एका तारेवरून दुसऱ्या तारेकडे जोडणी कशी फिरवायची, हे त्यांचे रोजचे काम होते. संध्याकाळी मात्र ते बर्कनहेडच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये ऑर्गनसमोर बसत. तिथे त्यांना दिसत होते ते शतकानुशतके जुने यंत्र.

जुन्या ऑर्गनची अडचण काय होती?

पारंपरिक ऑर्गनमध्ये कीबोर्डची पट्टी आणि नळीखालचे झाकण यांच्यात लाकडी दांड्या, तरफा आणि तारांची साखळी असे. पट्टी दाबली की दांडी ओढली जाई आणि झाकण उघडे. झाकणावर आतून हवेचा दाब असल्यामुळे ते उघडायला जोर लागे. ऑर्गन जितका मोठा, तितकी बोटांना मेहनत जास्त. शिवाय वादकाला नळ्यांच्या जवळच बसावे लागे, कारण दांड्या फार लांब नेता येत नसत.

यावर उपाय शोधणारे होप-जोन्स पहिले नव्हते. फ्रान्समध्ये १८६० च्या दशकातच वीज आणि हवा यांच्या मदतीने चालणारे ऑर्गन बांधले गेले होते. पण त्या यंत्रणांना वीज बरीच लागे आणि त्या बिघडतही. टेलिफोनचा अनुभव असलेल्या माणसाला हा प्रश्न वेगळा दिसला. विजेने झाकण उघडायचेच नाही. तिने फक्त निरोप द्यायचा, जोराचे काम हवेने करायचे.

विजेचा निरोप आणि हवेचा जोर, म्हणजे कसे?

शेतातल्या पंपाचा स्टार्टर आठवा. हिरवे बटण दाबणाऱ्या बोटातून मोटारीचा मोठा प्रवाह जात नाही. बटणामुळे एका छोट्या कॉइलला वीज मिळते, कॉइल लोखंडी तुकडा ओढते आणि मग मोठा संपर्क जोडला जाऊन मोटार सुरू होते. होप-जोन्स यांच्या ऑर्गनमध्ये मोटारीच्या जागी हवा आहे.

पट्टी दाबली की तारेचे दोन संपर्क जुळतात. कमी दाबाची वीज नळीखालच्या छोट्या विद्युतचुंबकापर्यंत जाते. हा चुंबक एक पातळ लोखंडी चकती किंचित हलवतो. चकती हलताच एका बारीक भोकातून हवा बाहेर पडते. त्या भोकाला जोडलेला, पातळ कातड्याचा छोटा भाता रिकामा होऊन मिटतो. तो मिटताना झाकण ओढतो आणि नळीत हवा शिरते. पट्टी सोडली की उलटा क्रम. हे सगळे इतक्या लवकर घडते की वादकाला भराभर ताना घेता येतात.

याचा दुसरा परिणाम मोठा होता. पट्टी आणि नळी यांच्यात आता फक्त तारांची जुडी उरली. वादक कुठेही बसू शकत होता. सेंट जॉन्समध्ये होप-जोन्स यांनी १८८६-८७ च्या सुमारास हे करून दाखवले. त्यांनी कन्सोल तारेसह चर्चबाहेरच्या आवारात नेऊन ठेवला आणि तिथून आतला ऑर्गन वाजवला. हे पाहायला लांबून लोक येत.

या कामासाठी त्यांच्याकडे पैसा नव्हता. चर्चच्या गायकवृंदातील पुरुष आणि मुले तालमीनंतर रात्री उशिरापर्यंत थांबून, त्यांच्या हाताखाली विनामोबदला काम करत. सेंट जॉन्सचा नवा ऑर्गन या हौशी मंडळींच्या हातून उभा राहिला.

नोकरी सोडून काय मिळवले?

१८८९ च्या सुमारास होप-जोन्स यांनी टेलिफोनची नोकरी सोडली. १८९१ मध्ये लंडनमध्ये ऑर्गनवादकांच्या संस्थेपुढे त्यांनी आपल्या यंत्रणेवर व्याख्यान दिले. पुढे स्वतःची कंपनी काढली. १८९३ मध्ये सेसिल लॉरेन्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याही संगीत जाणणाऱ्या होत्या. १८९६ मध्ये वूस्टर कॅथीड्रलचा आणि पुढच्या वर्षी एडिंबराच्या मॅकइवान हॉलचा ऑर्गन त्यांनी बांधला.

या दशकात त्यांच्या डोक्यातून कल्पनांचा पूर वाहत होता. ऑर्गनचे स्टॉप, म्हणजे कोणत्या प्रकारच्या नळ्या वाजाव्यात हे ठरवणाऱ्या कळा, पूर्वी दोन्ही बाजूंना लाकडी मुठींच्या रूपात असत. त्या ओढायला हात लांब करावा लागे. होप-जोन्स यांनी त्या जागी बोटाने खाली-वर होणाऱ्या छोट्या कळा कीबोर्डच्या वरच आणून बसवल्या. ‘डबल टच’ ही त्यांची आणखी एक आवडती युक्ती. पट्टी नेहमीसारखी दाबली तर एक आवाज, आणखी जोर देऊन खोलवर दाबली तर त्यात दुसरा आवाज मिसळणार. त्यामुळे एकाच हाताने साथ आणि धून दोन्ही काढता येऊ लागले.

आवाजाच्या चढ-उतारासाठी त्यांनी नळ्या जाड भिंतींच्या बंद खोलीत ठेवायला सुरुवात केली. पट्टी जोरात दाबल्याने ऑर्गनचा आवाज वाढत नाही. तो वाढवायचा तर खोलीच्या एका बाजूला असलेल्या झडपा पायाने उघडाव्या लागतात. भिंत जितकी भक्कम, तितका झडपा मिटल्यावर आवाज दबतो आणि उघडल्यावर उसळतो.

त्यांच्या एका शोधाने तर संगीताची हद्दच ओलांडली. ‘डायाफोन’ नावाच्या या रचनेत जिभेऐवजी हवेवर धडधडणारी झडप असे आणि तिचा खर्ज प्रचंड दमदार होता. हेच तत्त्व पुढे कॅनडामध्ये समुद्रावरच्या धुक्यात जहाजांना इशारा देणाऱ्या भोंग्यांसाठी वापरले गेले. विसाव्या शतकात अनेक दशके खलाशी ज्या आवाजावर विसंबून राहिले, त्याचे मूळ एका ऑर्गनमध्ये होते.

मग कंपनी का टिकली नाही?

कल्पना आणि व्यवसाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे होप-जोन्स यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसते. त्यांच्या यंत्रणा काळाच्या पुढे होत्या, पण साहित्य त्या काळाचेच होते. सुती धाग्याने गुंडाळलेल्या तारा दमट चर्चमध्ये ओल धरत. नाजूक संपर्कांवर धूळ बसे. बॅटऱ्यांची देखभाल गावातल्या चर्चला जमत नसे. टेलिफोन कंपनीकडे रोज दुरुस्ती करणारी माणसे होती, चर्चकडे नव्हती. त्यामुळे तक्रारी वाढल्या.

आवाजाबद्दलही वाद होताच. त्यांना हवेचा जास्त दाब, गोल आणि जाड सूर, वाद्यवृंदातल्या व्हायोलिनसारखे तीक्ष्ण सूर आवडत. जुन्या परंपरेतल्या ऑर्गनकारांना हे चर्चच्या संगीताचे नुकसान वाटे. शिवाय एखादा ऑर्गन पूर्ण होत आला तरी होप-जोन्स यांना त्यात काहीतरी नवे करायचे असे. इतर ऑर्गन कंपन्यांशी भागीदाऱ्या झाल्या, पण बस्तान काही बसले नाही. १९०३ मध्ये वयाच्या ४४ व्या वर्षी ते पत्नीसह अमेरिकेला निघून गेले.

तिथेही स्थैर्य आले नाही. कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्डच्या ऑस्टिन कंपनीत काही काळ, मग न्यू जर्सीमध्ये एक भागीदारी, त्यानंतर बॉस्टनच्या स्किनर कंपनीत नोकरी, असे चार वर्षांत तीन मुक्काम झाले. १९०७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्यांनी पुन्हा स्वतःची कंपनी उभी केली.

याच कंपनीने १९०८ मध्ये न्यू जर्सीच्या समुद्रकिनाऱ्यावरील ओशन ग्रोव्ह येथील भव्य सभागृहात ऑर्गन बसवला. होप-जोन्स यांच्या मनातले जवळपास सगळे त्यात उतरले होते. नंतर त्यात बरीच भर पडली असली, तरी तो ऑर्गन आजही वाजतो. रॉचेस्टर शहरातील फर्स्ट युनिव्हर्सलिस्ट चर्चमध्येही त्याच सुमाराचा त्यांचा एक ऑर्गन आहे.

‘युनिट’ ऑर्गनचे गणित काय होते?

होप-जोन्स यांची सर्वांत दूरगामी कल्पना म्हणजे एकाच नळ्यांच्या संचाकडून अनेक कामे करून घेणे. हे समजायला थोडे गणित पुरेसे आहे.

ऑर्गनच्या कीबोर्डला साधारण ६१ पट्ट्या असतात. पारंपरिक पद्धतीत प्रत्येक स्टॉपसाठी ६१ नळ्या लागत. समजा, बासरीसारखा आवाज चार वेगवेगळ्या सप्तकांत हवा आहे. मग चार स्टॉप आणि ४ गुणिले ६१ म्हणजे २४४ नळ्या.

होप-जोन्स यांनी विचारले की या चार संचांतल्या बहुतेक नळ्या एकसारख्याच सूर देत असतील, तर त्या पुन्हा कशाला बांधायच्या? मूळ ६१ नळ्यांत तीन सप्तकांची, म्हणजे ३६ नळ्यांची भर घातली की ९७ नळ्यांत चारही स्टॉप मिळतात. कोणती पट्टी कोणत्या नळीला जोडायची हे तारा आणि रिले ठरवतील. तोच संच वेगवेगळ्या कीबोर्डवरून आणि पायाच्या पट्ट्यांवरूनही वाजवता येईल. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकच ग्राहक अनेकांशी जोडला जातो, तसेच हे.

यात तोटाही आहे. ‘सा’ आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ‘सा’ एकत्र दाबले आणि दोन सप्तकांतले स्टॉप चालू असले, तर पारंपरिक ऑर्गनमध्ये चार नळ्या वाजतील. इथे खालच्या पट्टीचा वरचा सूर आणि वरच्या पट्टीचा मूळ सूर एकाच नळीतून येतो. म्हणून वाजतात तीनच. मोठ्या रचनेत त्यामुळे आवाजाची भरणी कमी पडते. चर्चच्या ऑर्गनकारांचा आक्षेप हाच होता आणि तो चुकीचा नव्हता.

पण कमी नळ्या म्हणजे कमी जागा आणि कमी खर्च. जागा आणि पैसा दोन्ही मोजून वापरणाऱ्या नाट्यगृहमालकाला हे गणित पटणारे होते. होप-जोन्स याला ‘युनिट ऑर्केस्ट्रा’ म्हणत. एका माणसाने वाजवायचा पूर्ण वाद्यवृंद.

वुर्लिट्झर कंपनीशी काय बिनसले?

एल्मायराची कंपनीही पैशाअभावी बंद पडली. १९१० मध्ये वुर्लिट्झर कंपनीने तिची मालमत्ता आणि होप-जोन्स यांची पेटंट विकत घेतली. होप-जोन्स आणि त्यांच्याबरोबरचे काही कुशल कारागीर नॉर्थ टोनावांडा येथील वुर्लिट्झरच्या कारखान्यात आले. १८५३ मध्ये सिनसिनाटीत स्थापन झालेली ही कंपनी वाद्यांच्या व्यापारात मुरलेली होती. स्वयंचलित वाद्ये विकण्याचे तिचे जाळे मोठे होते. होप-जोन्स यांना आयुष्यभर जे जमले नव्हते, ते या कंपनीला जमत होते.

वरवर पाहता ही जोडी जमायला हवी होती. कंपनीच्या सुरुवातीच्या वाद्यांवर वुर्लिट्झरबरोबर होप-जोन्स यांचेही नाव असे. प्रत्यक्षात दोघांच्या गरजा उलट होत्या. कंपनीला एक रचना पक्की करून तीच पुन्हा पुन्हा, ठरलेल्या किमतीत बांधायची होती. होप-जोन्स यांना प्रत्येक वाद्य आधीच्यापेक्षा वेगळे हवे होते. ते कारखान्यात फिरून चालू कामात बदल सुचवत, झालेले भाग पुन्हा करायला लावत. खर्च वाढू लागला, तारखा चुकू लागल्या.

अखेर कंपनीने असा तोडगा काढला की त्यांचा पगार चालू राहील, पण त्यांनी कारखान्यात यायचे नाही. कागदावर हा करार उदार दिसतो. हातात हत्यार घेऊन शिकलेल्या आणि पंचवीस वर्षे दुसरे काहीच न केलेल्या माणसासाठी तो काय होता, याची कल्पना करता येते. त्यांची पेटंट कंपनीच्या मालकीची होती. त्यांचे कारागीर आत काम करत होते. ते स्वतः बाहेर होते.

१३ सप्टेंबर १९१४ रोजी रॉचेस्टर येथे होप-जोन्स यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. ते ५५ वर्षांचे होते. युरोपात पहिले महायुद्ध पेटून सहा आठवडे झाले होते.

सिनेमाने ऑर्गनला कसे उचलून धरले?

होप-जोन्स गेले तेव्हा अमेरिकेत सिनेमागृहांची मोठी लाट यायची होती. पुढच्या दहा-बारा वर्षांत हजारो आसनांची चित्रपटगृहे उभी राहिली. मुक्या चित्रपटाला संगीत लागतेच. आपल्याकडे मुंबईच्या थिएटरांत तबला-पेटीची साथ असे, अमेरिकेतल्या मोठ्या थिएटरांत पूर्ण वाद्यवृंद. वाद्यवृंदाचा रोजचा पगार परवडत नसेल किंवा त्याला विश्रांती द्यायची असेल, तर एका वादकावर चालणारा युनिट ऑर्गन हे सोयीचे उत्तर होते.

नळ्यांच्या खोल्यांतच खरे ढोल, झांजा, घंटा आणि झायलोफोन बसवलेले असत. त्यांनाही हवेवर चालणारे छोटे हातोडे वाजवत. घोड्याच्या टापा, मोटारीचा हॉर्न, रेल्वेची शिट्टी, दारावरची घंटा यांच्यासाठी वेगळ्या कळा असत. नळ्यांच्या हवेला सेकंदाला पाच-सहा झटके देणारी ‘ट्रेम्युलंट’ ही यंत्रणा सुराला ती ओळखीची थरथर देई. होप-जोन्स यांना प्रिय असलेल्या ‘टिबिया क्लॉसा’ या बंद तोंडाच्या, रुंद लाकडी नळ्यांचा गोल सूर या थरथरीबरोबर आला की थिएटर ऑर्गन लगेच ओळखू येतो.

वुर्लिट्झरने एकूण २,२०० हून अधिक थिएटर ऑर्गन बांधले. १९२६ च्या आसपास कारखान्यातून कामाच्या जवळपास प्रत्येक दिवशी एक ऑर्गन बाहेर पडत होता. १९२५ मध्ये पहिला वुर्लिट्झर इंग्लंडमध्ये, वॉल्सॉल येथील चित्रपटगृहात पोहोचला. होप-जोन्स यांच्या कल्पना अशा रीतीने, दुसऱ्याच्या नावाने मायदेशी परतल्या. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये १९३२ मध्ये बसवलेला ५८ संचांचा ऑर्गन हा वुर्लिट्झरच्या थिएटर ऑर्गनमधला सर्वांत मोठा.

पण तोवर वारे फिरले होते. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ आला आणि चित्रपट बोलू लागले. त्यानंतर आली आर्थिक मंदी. काही वर्षांतच बहुतेक ऑर्गन मुके झाले. कित्येक सुटे करून विकले गेले, कित्येक थिएटर पाडताना ढिगाऱ्यात गेले.

असा ऑर्गन पुन्हा चालू कसा करतात?

रिव्हिएरा थिएटरचा ऑर्गन वाचला. तो मुळात तीन कीबोर्ड आणि नळ्यांच्या ११ संचांचा होता. कारखाना त्याच शहरात असल्यामुळे वुर्लिट्झर कंपनी संभाव्य ग्राहकांना तो नमुना म्हणून दाखवत असे. आता त्यात २० संच आहेत. स्थानिक थिएटर ऑर्गन संस्थेच्या स्वयंसेवकांनी त्याची देखभाल केली.

अशा वाद्यात सर्वांत आधी खराब होते ते कातडे. नळीखालच्या प्रत्येक छोट्या भात्याचे कातडे काही दशकांनी कडक होते, भेगाळते आणि हवा गळू लागते. मग त्या नळीचा सूर एकतर निघत नाही किंवा थांबत नाही. असे भाते शेकड्यांनी असतात. एकेक सोडवून, जुने कातडे खरवडून, नवे कापून चिकटवावे लागते. यासाठी अजूनही जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेला पारंपरिक सरस पसंत केला जातो. कारण उष्णता आणि ओलाव्याने तो सुटतो आणि पुढच्या पिढीला हेच काम पुन्हा करता येते.

त्यानंतर हवा. तळघरातला विजेवरचा ब्लोअर हवा ढकलतो. ती वजन आणि स्प्रिंग लावलेल्या मोठ्या भात्यांतून स्थिर दाबाने पुढे जाते. हा दाब पाण्याच्या इंचांत मोजतात. इंग्रजी ‘यू’ आकाराच्या काचेच्या नळीतल्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत किती इंचांचा फरक पडतो, तो दाब. चर्चच्या ऑर्गनला तीन-चार इंच पुरतात, थिएटर ऑर्गनला साधारण दहा इंच लागतात. ऐकायला मोठा वाटला, तरी दहा इंच म्हणजे वातावरणाच्या दाबाचा जेमतेम चाळिसावा भाग. मोटारीच्या टायरमधल्या दाबापुढे तो काहीच नाही. एवढ्याशा दाबाने हजार-दोन हजार आसनांचे सभागृह भरते.

मग तारा आणि रिले. जुन्या सुती तारा आणि हजारो संपर्कांचे रिले अनेक ठिकाणी बदलून त्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण बसवले जाते. चुंबक, भाते आणि नळ्या मात्र तशाच राहतात. म्हणजे निरोपाचा मार्ग बदलला, तरी निरोप घेऊन झाकण उघडणारी हवेची यंत्रणा त्याच तत्त्वावर चालते. शेवटी तपमान स्थिर ठेवून एकेक नळी सुरात लावली जाते. एक जण कन्सोलवर पट्टी धरून बसतो, दुसरा खोलीत नळ्यांमध्ये उभा राहून सूर जुळवतो.

हे काम करणारे बहुतेक जण हौशी असतात. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्गन. बर्कनहेडच्या चर्चमध्ये होप-जोन्स यांच्या हाताखाली रात्री थांबणारी गायकवृंदातली माणसे आणि मुलेही अशीच होती.

रिव्हिएरा थिएटरमध्ये आजही ऑर्गनच्या मैफली होतात. दिवे मंदावतात, कन्सोलवर वादक बसतो, पट्टी दाबतो आणि जाळीमागच्या खोलीत एक लोखंडी चकती किंचित हलते. ज्या शहराच्या कारखान्यात पाऊल ठेवायला होप-जोन्स यांना मनाई होती, त्याच शहरात.